पोटभाडेकरू

मराठी घरात पोट साफ होणं ही कधीच खासगी बाब नव्हती. रात्री इसबगोल, सकाळी तांब्याभर कोमट पाणी आणि चहाच्या कपाबरोबर साऱ्या घराला ऐकू जाईल असं ‘झालं का?’. अशा वातावरणात साठी गाठलेले डोंबिवलीचे एक काका कोलोस्टोमी झाल्यावर मात्र या विषयावर एकदम मुके झाले. सांगण्यासारखं काही नव्हतं तेव्हा तासभर बोलायचे. आता खरोखर बातमी होती, तर मिठाची गुळणी.

कोलोस्टोमीत मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून शिवतात, तो स्टोमा. लालचुटूक, ओलसर. हात लावला तरी दुखत नाही, कारण वेदना कळवणाऱ्या नसाच तिथे नसतात. आवळून धरणारा स्नायूही नाही, त्यामुळे ‘जरा थांब’ म्हणायची सोय नाही. काकांनी त्याचं नाव ठेवलं पोटभाडेकरू. भाडं शून्य, वर वेळीअवेळी आवाज.

त्याच्यासाठी चिकटणारी पिशवी १९५४ साली एलिसे सोरेनसेन या डॅनिश नर्सला सुचली. तिची बहीण थोरा ऑपरेशननंतर लाजेने घराबाहेर पडेना, म्हणून. नर्सबाई घरातच असल्याचा असाही फायदा.

पिशवीबरोबर वेळापत्रक मात्र मिळत नाही. ते काकूंनी बसवलं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं आणि सकाळी त्याचा जोर जास्त, हे कळल्यावर त्यांनी चहा, नाश्ता, जेवण यांच्या वेळा बांधून टाकल्या. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी नोंदी सुरू झाल्या: ‘दूध १, वालाची उसळ, पि. ३.१०’. पि. म्हणजे पिशवी. शेजारच्या वहिनी ते पितरांचं काहीतरी समजल्या आणि ‘गुरुजी कोण?’ म्हणून विचारून गेल्या.

हळूहळू त्या चौकोनांतून भाडेकरूचा स्वभाव उघडा पडला. कोबी, वाल, सोडा पोटात गेला, की चारचौघांत त्याचं भाषण. अंडी, लसूण, मासळी खाल्ली, की वास. केळं, भात, साबुदाणा यांनी तो आवरतो. एकादशीला तर काकांपेक्षा कडक उपास पाळतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. त्वचेवरची चकती बदलायची ती सकाळी चहाच्या आधी, तेव्हा तो बहुधा शांत असतो.

पुढे डॉक्टरांच्या संमतीने स्टोमा नर्सने इरिगेशन शिकवलं. स्टोमा आतड्याच्या शेवटच्या भागात, डावीकडे असेल तरच ते जमतं. अर्धा ते एक लिटर कोमट पाण्याची पिशवी खांद्याच्या उंचीवर टांगायची आणि शंकूच्या आकाराच्या टोकाने पाणी सावकाश आत सोडायचं. पाणी गार असलं किंवा घाईने सोडलं तर कळ येते. मग नळीवरचा चिमटा बंद करून थांबायचं. सगळं उरकायला तासभर लागतो. पण एकदा बसलं, की पुढचे चोवीस तास, कुणाला अठ्ठेचाळीसही, भाडेकरू गप्प. वर छोटं झाकण लावलं की झालं.

शास्त्र इथवर सोपं. अवघड होता तो एकुलत्या एका बाथरूममधला तास. सकाळी मुलाची लोकल, सुनेची बस, नातवाची शाळा, त्यात काका आत बसले असते तर घरात दुसरं ऑपरेशन झालं असतं. मात्र ठरावीक वेळ सकाळचीच हवी असं कुठे आहे? रोज तीच असली की पुरे. म्हणून रात्री साडेनऊ. घर मालिकेत बुडालेलं, बाथरूम मोकळं. टॉवेलच्या खुंटीला पाण्याची पिशवी, खाली स्टूल, हातात पेपर. फक्त जाहिराती लागल्या की नातू दार वाजवतो.

लग्नकार्यांनी मात्र काकूंचं जेवणाचं वेळापत्रक अजून मान्य केलेलं नाही. परवा पुतणीच्या लग्नात मुहूर्त टळला, पंगत अडीचवर गेली. साडेबाराला काकूंनी कोपऱ्यात डबा उघडून दिला. काका एकटेच घरचं खाताहेत म्हणजे रुसले, असं व्याह्यांना वाटलं. दोघेजण हात जोडून मनधरणीला धावले, तोवर दहीभात संपलाही होता.