आधी हत्ती चढवा

ग्वाल्हेरच्या जयविलास महालाच्या दरबार हॉलात दोन झुंबरं आहेत. एकेकाचं वजन साडेतीन टन. ती टांगण्याआधी छताला भार पेलतो की नाही हे बघायला वर हत्ती चढवले होते, असं गाइड सांगतो. कुणी आठ हत्ती सांगतो, कुणी दहा. पाहुणे माना वर करून "बाप रे" म्हणतात. आमचे अप्पा आल्यागेल्या पाहुण्यांना घेऊन तिथे निदान तीस वेळा गेले असतील आणि दर वेळी त्यांचा प्रश्न एकच: "हत्ती वर न्यायला उतरण बांधली असेल न? तो खर्च कोणत्या हेडमध्ये टाकला?"

अप्पा एजी ऑफिसात होते. ग्वाल्हेरात एवढं सांगितलं की पुरतं. राज्याची राजधानी 1956 साली भोपाळला गेली, पण महालेखाकार इथेच राहिले. झाशी रोडवरच्या त्या कचेरीपाशी जो पूल आहे त्यालाही लोक एजी पूलच म्हणतात. त्या कचेरीने इथल्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांना पगार दिला, पेन्शन दिली आणि एक नजर दिली. वस्तूच्या आधी तिचं व्हाउचर दिसावं अशी नजर.

सरकारी खर्चाच्या नियमांत एक सुंदर तत्त्व आहे. सामान्य शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्च करताना जितकी दक्षता घेतो, तितकीच अधिकाऱ्याने सरकारी पैशाबाबत घ्यावी. अप्पांनी नोकरीत हे तत्त्व पाळलंच, पण निवृत्तीनंतर ते उलटं करून घरी आणलं. आता ते स्वतःचा पैसाही सरकारी असल्यासारखा खर्च करतात. म्हणजे करत नाहीत. प्रस्ताव मांडतात.

सध्याचा प्रस्ताव लॅपटॉपचा आहे. 'सध्याचा' म्हणजे 2019 पासूनचा.

हा लॅपटॉप 2015 च्या दिवाळीत आला. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि पहिल्या बोनसमधून त्याने घेऊन दिला. पाचव्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. आज त्याची अवस्था अशी आहे. बॅटरी वारलेली, त्यामुळे लाइट गेली की लॅपटॉपही जातो. डावी बिजागरी तुटलेली, म्हणून पडद्याच्या पाठीला तीन जुनी पंचांगं टेकवलेली. 'न' उमटवणारं बटण निखळलेलं. त्यामुळे मुलाला जाणाऱ्या मेलमध्ये "काळजी करू ये" असं असतं, आणि तो समजून घेतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीपार गेला की पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो. तेव्हा अप्पा लॅपटॉप कूलरसमोर आणतात आणि खालून हवा खेळावी म्हणून पालथ्या पोळपाटावर ठेवतात. काकू उन्हाळाभर पोळ्या ओट्यावर लाटतात.

चालू व्हायला त्याला लागतात बावीस मिनिटं. पण अप्पांनी त्या बावीस मिनिटांत सकाळ बसवलेली आहे. बटण दाबायचं, तुळशीला पाणी घालायचं, दाढी करायची, देव पुसायचे, अथर्वशीर्ष म्हणायचं. फलश्रुतीपर्यंत आलं की पडद्यावर चित्रं उमटू लागतात. "दोघं एकाच वेळी जागे होतात," असं काकू म्हणतात. दोघं म्हणजे गणपती आणि लॅपटॉप.

एकदा मी सहज म्हटलं, "अप्पा, आता नवा घेऊन टाका न."

चूक माझीच होती. अप्पांनी कपाटातून रजिस्टर काढलं. निळ्या पुठ्ठ्याचं, कडेला लाल पट्टी असलेलं. डाव्या पानावर 'अपग्रेड', उजव्या पानावर 'नवीन'. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, माहिती देणाऱ्याचं नाव आणि शेवटच्या रकान्यात 'आक्षेप'. आमच्या ग्वाल्हेर घराण्याच्या गायकीत अस्थायी झाली की अंतरा गायचाच, गाळायचा नाही, अशी शिस्त आहे. अप्पा गाणं शिकलेले नाहीत, पण वळण तेच. 'अपग्रेड'ची अस्थायी पूर्ण भरली की 'नवीन'चा अंतरा घेतात, तो संपला की परत समेवर: "म्हणजे बघ, सध्या चालून तर राहिलाय."

हे 'सध्या' ग्वाल्हेरच्या मातीतलं आहे. लष्कर म्हणजे काय? छावणी. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला. तंबू होते, राहुट्या होत्या. मग राहुट्यांचे वाडे झाले, वाड्यांचे बाजार झाले. दोनशे वर्षं उलटली, तळ काही उठला नाही, आणि नावही बदललेलं नाही. ज्या गावाने तात्पुरत्या मुक्कामात सात-आठ पिढ्या काढल्या, त्या गावातल्या माणसाने पंचांगं टेकवलेल्या लॅपटॉपवर दहा वर्षं काढली तर त्यात नवल काय?

अप्पांनी लॅपटॉपबाबत एकच निर्णय वेळेत घेतला होता. विंडोज 10 फुकट मिळत होती, मुदत 29 जुलै 2016 पर्यंत. अप्पांनी 28 जुलैला बटण दाबलं. "शेवटच्या दिवशी गर्दी असते," हे त्यावरचं स्पष्टीकरण. त्याच विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. कंपनीनेच दिलेल्या तपासणीच्या प्रोग्रॅमने अप्पांच्या यंत्राला स्पष्ट सांगितलं की तुम्ही पात्र नाही.

अप्पांना हे फार लागलं. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी ते स्वतः जिवंत असल्याचा दाखला देतात. मोबाइलसमोर चेहरा धरायचा, पापण्या मिटायच्या, झालं. "मला एक्याऐंशीव्या वर्षी नुसत्या पापणीवर पास करतात," ते म्हणाले, "आणि हा दहा वर्षांचा पोर, त्याला म्हणे आठवी पिढी पाहिजे. माझ्या घराण्याची ग्वाल्हेरात सातवी चालू आहे. म्हणजे मीही बाद?"

मी त्यांना सांगितलं की नोंदणी केली तर सुरक्षेच्या दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळत राहतील. अप्पांचा चेहरा उजळला. "एक्स्टेन्शन!" सरकारी माणसाच्या कानाला याहून गोड शब्द नाही. त्या दिवशी काकूंनी मला चहाबरोबर गजकही दिली. त्या आनंदात सामील नव्हत्या, पण पद्धत असते.

रविवारी पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल येतो. त्यात अप्पांचा अर्धा चेहरा आणि एका पंचांगाचा कोपरा दिसतो. मुलगा एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, किती दिवस धरून बसणार? आपली श्योपूरची छोटी गाडी तरी राहिली का? दोन फुटी रूळ होते, लोक टपावर बसून जायचे. शेवटी काढलीच न?"

"काढली न," अप्पा म्हणाले. "2020 मध्ये बंद केली. मग ब्रॉडगेज एकदम आली का? तुकड्या-तुकड्याने आली. मधल्या काळात माणसाने काय करायचं? बशीने जायचं! म्हणून म्हणतो, नवीन येईपर्यंत जुनं हलवू नये. आणि ते व्हिक्टोरिया मार्केट बघ. आगीत जळून कोळसा झालं होतं. पाडलं का? दुरुस्त केलं. आता तिथे दगडांचं म्यूझियम आहे."

"म्हणजे लॅपटॉपचंही म्यूझियमच करायचंय तुम्हाला," मुलगा म्हणाला. तेवढ्यात लाइट गेली. अप्पांच्या मते वादात ते जिंकले होते.

ग्वाल्हेरात खरेदी लांबवायला एक राजमान्य कारण आहे. मेला. महाराष्ट्रातली मंडळी मेळा म्हणतात, आम्ही हिंदीसारखं मेलाच म्हणतो आणि त्यातून गैरसमज होतात. माधोमहाराज शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेला हा व्यापारमेळा डिसेंबरअखेरीस लागतो. गाड्यांच्या रोड टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते, म्हणून सप्टेंबरपासून इथला माणूस स्कूटरचं नुसतं हँडल धरून 'मेल्यात घेऊ' म्हणत उभा असतो. अप्पा हेच फोनवर सुनेला म्हणाले, "लॅपटॉपचं काय, मेल्यात घेऊन टाकू." सून पुण्याची. तिने नवऱ्याला सांगितलं, "अहो, लॅपटॉप मेल्यावर घेऊ म्हणतायत बाबा." तिचं ऐकणं चुकलं, समजणं चुकलं नाही.

2025 च्या मेल्याआधी आणखी एक थांबा आला. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात जीएसटी कमी होणार असं ऐकलं आणि अप्पांनी रजिस्टरात लाल शाईने 'प्रलंबित' लिहिलं. 22 सप्टेंबरला नवे दर लागू झाले. मोठे टीव्ही अठ्ठावीसवरून अठरावर आले. लॅपटॉप आधी अठरावर होता, नंतरही अठरावरच राहिला. मग ठरलं की निदान रॅम वाढवू. दिवाळीनंतर चौकशीला गेलो, तर रॅमचेच भाव चढू लागलेले. दुकानातल्या पोराने सांगितलं की जगभर एआयसाठी मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहतायत, मेमरी तिकडे चाललीय. अप्पा बराच वेळ शांत बसले. मग मला म्हणाले, "म्हणजे अमेरिकेतलं कुणीतरी माझी चार जीबी खाऊन राहिलंय. तेवढा खर्च त्यांच्या खात्यावर वर्ग कर."

त्या दुकानातली भेट सविस्तर सांगण्यासारखी आहे. पोरगा विशीतला, कानात एक तार लोंबत होती. त्याने लॅपटॉप उलटा केला, अंगठ्याने ठोकला आणि डॉक्टर जसं नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "अंकलजी, एसएसडी डलवा लो. दौडेगा."

"दौडके जाना कहाँ है?" अप्पांनी विचारलं.

पोराने तरी समजावलं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, सुई हलते, म्हणून वेळ लागतो. एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळं चिपवर. यंत्र तेच राहील, पण जागं पटकन होईल. विंडोज 11 मात्र यावर रीतसर चढणार नाही. हवं असेल तर पुढे लिनक्स टाकून देतो, फुकट आहे. 'फुकट' ऐकताच अप्पा सावध झाले. ज्याची पावती नाही त्यावर आक्षेप कसा काढणार? त्यांनी एसएसडीचं लेखी कोटेशन मागितलं. पोराने बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर आकडा लिहून दिला. अप्पांनी तो घरी येऊन रजिस्टरात डकवला आणि म्हणाले, "अजून दोन पाहिजेत. एका कोटेशनवर खरेदी होत नाही." दुसरं कोटेशन दिल्लीच्या नेहरू प्लेसचं आणायचं त्यांच्या मनात होतं. सकाळच्या गाडीने गेलं की रात्री परत. तिकिटाचे पैसे एसएसडीच्या किमतीत धरायचे की प्रवासभत्त्यात, यावर ते चार दिवस अडकले आणि गाडी चुकली. म्हणजे आरक्षणच केलं नव्हतं, पण अप्पा 'चुकली' असंच म्हणतात.

मेला लागला. एका दुपारी अप्पा मला घेऊन तिथे गेले. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून दोन तास फिरले. प्रत्येक लॅपटॉपचं झाकण स्वतः उघडून मिटून बिजागरी तपासली. एकावर हाताचा भारही देऊन पाहिला, तेव्हा दुकानदार उठून उभा राहिला. मला हत्ती आठवले. शेवटी त्यांनी एकाला विचारलं, "इसपे आरटीओ की छूट है क्या?" नव्हती. आम्ही पापड खाल्ला आणि परतलो.

घरी पोळपाट ओट्यावर होता.

ते लॅपटॉप बघत फिरत होते तेवढ्यात काकूंनी दुकानातल्या पोराला घरी बोलावलं होतं, भिशीच्या पैशातून एसएसडी बसवून घेतली होती, 'न'चं बटणही लावून घेतलं होतं. त्याने जुना सगळा माल नव्यावर उतरवून दिला, चहा पिऊन गेला. पावती नाही. तीन कोटेशनं नाहीत. मंजुरी नाही. अप्पा खुर्चीत बसले आणि बराच वेळ काकूंकडे बघत राहिले. पंचावन्न वर्षांच्या संसारात एवढी मोठी वित्तीय अनियमितता त्यांनी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. अप्पांनी सवयीने बटण दाबलं आणि तुळशीकडे निघाले. तांब्या हातात घेईपर्यंत मागे चित्रं उमटली होती. ते परत आले. पडद्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. बंद केला, परत चालू केला. पुन्हा तेच, वीस सेकंद.

"काहीतरी गाळून राहिलाय हा," ते म्हणाले. "एवढ्या लवकर होतच नाही. अंतरा खाल्ला यानं."

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात जुनी हार्ड डिस्क गुंडाळलेली होती. पोराने काढून काकूंच्या हाती दिलेली. अप्पांनी ती टेबलावर ठेवली, कपाटातून रजिस्टर काढलं, कोरं पान उघडलं आणि मधोमध उभी रेघ मारली.

"बस," ते मला म्हणाले. "ही डब्यात घालून बाहेरून जोडायची, की तिथे डीव्हीडी काढून आतच बसवायची? पोरगा म्हणत होता दोन्ही होतं."

स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज येत होता. काकूंनी लाटणं थांबवलं नाही, पण चहाचं आधण एक कप वाढवलं.