बुटाआडचा पराक्रम

घरातला मिक्सर एकदा उघडून परत चालू करता आला, की त्या माणसाच्या हातून पुढे मोटारीसुद्धा सुरक्षित राहत नाहीत. मी त्यातलाच. त्यामुळे मेकॅनिकनं पुढचं चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि "साहेब, रॅक एंड गेलेत, दोन्ही साइडचे टाकावे लागतील," असं जाहीर केलं, तेव्हा मला खर्च दिसला नाही, संधी दिसली. मी "बघतो" म्हणालो. या माणसाकडे पैसे नाहीत, असा त्यानं अर्थ काढला. काढू दिला.

स्टिअरिंग फिरवलं की खाली एक दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकतो, तो रॅक. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सळई असते, टाय रॉड; ती चाकाला वळवते. सळईच्या रॅककडच्या टोकाला एक गोळी असते, खांदा खोबणीत बसावा तशी बसवलेली; हाच रॅक एंड. खोबण झिजली की गोळी आत हलते आणि खराब रस्त्यावर खट खट ऐकू येतं. चाक वर-खाली धरून हललं तर दुखणं बहुधा बेअरिंगचं किंवा खालच्या बॉल जॉइंटचं. आडवं धरून हललं तर टाय रॉडचं. हे मी आता कोणालाही सांगू शकतो. एका लग्नाच्या पंगतीत, जिलबी येईपर्यंत, सांगितलंही आहे.

प्रश्न फक्त जागेचा होता. आमचं पार्किंग तळघरात, खांबाआड. फरशी सपाट, सावली, जॅक लावायला उत्तम. रविवारी सकाळी मी गाडी काढून गेटासमोरच्या पाहुण्यांच्या जागेत लावली. तिथं उजेड चांगला असतो, असं घरी सांगितलं. तिथून सोसायटीतला प्रत्येक माणूस दूध, पेपर आणि कुत्रा यांपैकी कशासाठी तरी जातोच, हे नाही सांगितलं.

"काय, पंक्चर?" पहिल्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले.

"नाही, रॅक एंड बदलतोय."

"हं. हल्ली खिळे फार असतात रस्त्यात."

पुढे दिवसभर हेच. चाक काढून ठेवलेला माणूस म्हणजे पंक्चर, यापलीकडे आमच्या सोसायटीची कल्पनाशक्ती जात नाही. वॉचमनकाकांनी तर आपुलकीनं कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावूनही आणलं. तो आला, गाडीखाली वाकला आणि "साहेब, याला तर हवा आहे," असं सगळ्यांदेखत सांगून गेला.

काम तसं अवघड नाही, आडमुठं आहे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, खाली लोखंडी स्टँड द्यायचे. मग बाहेरच्या टाय रॉड एंडचा नट काढायचा आणि नकलच्या, म्हणजे चाक पेलणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या, ज्या डोळ्यात तो बसलेला असतो, त्या डोळ्याच्या कडेवर हातोडा हाणायचा. बोल्टावर हाणला तर आटे जातात. कडेवर हाणत राहिलं की एका बेसावध क्षणी जॉइंट टुणकन सुटतो. तो क्षण भव्य असतो. माझा तो आला तेव्हा समोर फक्त तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा होता.

प्रेक्षक एकच, पण थांबलेला. मग मी त्याला सगळं सांगायचं ठरवलं.

वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं चाक जरा जास्त वळावं लागतं, नाहीतर टायर रस्त्यावर घासतात. ही युक्ती मोटारींच्या फार आधीची, घोडागाड्यांची. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या गाडी बांधणाऱ्यानं ती काढली. इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं त्याच्या एजंटानं, रुडॉल्फ आकरमान यानं, १८१८ साली, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षी. झालं. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत ती 'अॅकरमन स्टिअरिंग'. आकरमान तसा लहान माणूस नव्हे. लंडनमध्ये स्ट्रँडवर त्याचं चित्रांचं आणि पुस्तकांचं दुकान होतं, तो मासिक काढायचा, आणि नेल्सनच्या अंत्ययात्रेची गाडीसुद्धा त्यानंच आखलेली. एवढं सगळं पदरात असताना त्याला आणखी एक स्टिअरिंग कशाला हवं होतं? आणि म्युनिकमध्ये बिचारा लांकेनश्पेर्गर रंधा मारत, कमानी बसवत, एकेक गाडी तयार करून उभी करत असणार. कारागिराच्या हाताला काळं लागतं आणि नाव अर्जावर सही करणाऱ्याचं लागतं! हे मी इतक्या पोटतिडकीनं बोललो, की माझ्या हातातला पाना थरथरला.

"काका," मुलगा म्हणाला, "पण पंक्चर कुठाय?"

जोडावरचा रबराचा बूट मागे सारून, प्लंबरकडून मागून आणलेल्या पाईप पान्यानं जुना रॅक एंड सोडवला. सळई हातात धरली तर ती आपल्याच वजनानं मान टाकत होती. चांगल्या जॉइंटला हाताचा जोर लावावा लागतो. हे कुणी केलं, ते मला माहीत आहे: आमच्या गल्लीतल्या रस्त्यानं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ सालच्या मार्गदर्शिकेत ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला होता. आमच्या गल्लीतला मी चपलेनं मोजला. रुंदी दीड चप्पल. उंचीत मात्र कंत्राटदारानं मन मोठं केलंय. त्याच्या पुढेच खड्डा आहे, तो गेल्या पावसाळ्यात बुजवला, या पावसाळ्यात उघडला. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांच्याकडे तक्रार केली की तक्रार क्रमांक मिळतो. दुचाकीवरून मुलाला शाळेत सोडणाऱ्या बाईचा त्या खड्ड्यात जातो तो मणका. तो कुठल्या दुकानात जोडीनं मिळत नाही, आणि त्याचं बिल कुठल्या टेंडरमध्ये दिसत नाही. याचा मला मनापासून संताप येतो आणि त्यात विनोद काही सापडत नाही.

नवीन रॅक एंड लावले. बाहेरचा टाय रॉड एंड मोजून ठेवलेल्या आट्यांइतकाच परत चढवला. शेवटी बूट ओढून क्लिप आवळली आणि माझा सगळा पराक्रम त्या रबराआड गेला. मोटारीत दिसणारे शेकडो भाग आहेत: आरसे, वायपर, दिवे. मी निवडला तो जन्मभर बुरख्यात राहणारा.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "उद्या नेऊ ना गाडी?"

ती रोज कात्रजच्या घाटातून जाते. तोवर हे सगळं माझं प्रदर्शन होतं. एकदम लक्षात आलं, की मी आवळलेला तो जॉइंट वळणावर सुटला, तर ती स्टिअरिंग फिरवेल आणि चाक त्याला हवं तिकडं जाईल. गाडी मी चालवणार असतो तर घोरत झोपलो असतो. दुसऱ्या माणसाच्या जिवाला आपली हौस बांधली, की पाना किती फिरवला होता ते रात्री दोन वाजता आठवेनासं होतं.

"उद्या बसनं जा," मी म्हणालो. ती जे म्हणाली ते वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सकाळी मेकॅनिककडं गेलो. त्यानं बूट सारले, दोन्हीकडं पाना लावून जोर दिला. काही हललं नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीक म्हणजे कसं?"

"म्हणजे ठीक आहे, साहेब. अलाइनमेंट करून घ्या."

ते करावंच लागतं. आटे कितीही मोजले तरी चाकांचा कोन मशीनवरच जुळतो. अलाइनमेंटवाल्या पोरानं काही मिनिटांत सळया थोड्या फिरवल्या, पडद्यावरचे लाल आकडे हिरवे केले आणि छापील कागद दिला. वर त्याच्या दुकानाचं नाव, ठळक.

रात्री बायको बहिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, अलाइनमेंट करून घेतलं आणि आवाजच गेला बघ! त्या मुलाच्या हातात जादू आहे."

"अलाइनमेंटनं आवाज जात नसतो!" मी पेपराआडून ओरडलो. "आवाज रॅक एंडचा होता!"

पलीकडं क्षणभर शांतता. मग मेहुणीचा आवाज स्पीकरवरून स्पष्ट ऐकू आला.

"भाऊजींची गाडी पंक्चर झाली होती ना?"