कोणी खोलली होती?

माझी बुलेट मनालीहून लेहला गेली. गाटा लूप्सची २१ वळणं चढली, रस्त्यावरून वाहणारे बर्फाच्या पाण्याचे ओढे तिने ओलांडले आणि खारदुंग लाच्या पाटीखाली उभी राहून फोटोही काढून घेतला. पाटीवर तेव्हा उंची १८,३८० फूट लिहिली होती. मोजणारे साडेसतरा हजारच म्हणतात, पण आम्ही पाटी वाचून आलो आहोत. तिथून ती श्रीरामपूरला परत आली तेव्हा तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. ती बिघडली माझ्या अंगणात, उभ्या जागी, मी तिची काळजी घेत असताना.

पहिल्या रविवारी फक्त ऑइल बदलायचं होतं. खालचा बोल्ट काढायचा, काळं ऑइल पातेल्यात धरायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ओतायचं. आमच्या घरातलं कोणतंही पातेलं या कामासाठी नाही, हे मला ऑइल पातेल्यात पडून झाल्यावर सांगण्यात आलं.

बोल्ट किती आवळायचा याचा आकडा कंपनी पुस्तकात छापते, न्यूटन-मीटरमध्ये. तो मोजणारा पाना वेगळा मिळतो. आमच्याकडे ते काम मनगट करतं, अंदाजपंचे. व्हिडिओतला मुलगा म्हणाला होता, "हाताला लागेल इतकंच टाइट करायचं." माझ्या हाताला लागलं. तरी मी आणखी अर्धा फेरा दिला, कारण लेहला जाऊन आलेल्या माणसाच्या गाडीखाली ऑइलचा डाग शोभत नाही. मग बोल्ट एकाएकी हलका झाला आणि पाना लोण्यात फिरावा तसा फिरू लागला. बोल्ट पोलादाचा, इंजिनचं अंग ॲल्युमिनियमचं. आटे गेले होते.

गाडी ढकलत मिस्तरीकडे नेली. तो वाकला, भोकात बोट फिरवलं, बोटाला लागलेला चुरा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "कोणी खोलली होती?"

या प्रश्नाला माझी हरकत आहे. उत्तर समोर उभं असतानाच मिस्तरी तो विचारतात. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. मी म्हणालो, "नगरचा एक जण आला होता."

लेथवाल्याने भोक वाढवून आत तारेचं वेटोळं बसवलं. आता ते आटे कंपनीच्या आट्यांपेक्षा मजबूत आहेत, म्हणजे एका अर्थी मी गाडीत सुधारणाच केली. हे ऐकायला मात्र घरात कोणी तयार नाही. राहिला बोल्टखालचा तांब्याचा वायसर. तो मुंबईच्या मित्राने पाठवला. आमच्या स्टेशनवर पाटी बेलापूरची आहे, म्हणून मी हौसेने पत्त्यात 'बेलापूर' लिहायला सांगितलं होतं. पाकीट नवी मुंबईच्या बेलापुरात आठवडाभर राहून आलं.

दुसऱ्या रविवारी मागच्या चाकातला बाभळीचा काटा मीच काढला. पॅच उत्तम बसला. टायर परत चढवताना लिव्हरखाली ट्यूब सापडली आणि एका भोकाच्या जागी दोन झाली. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले आणि तोच प्रश्न विचारला. मीही त्याच नगरच्याचं नाव घेतलं.

रॉबर्ट पर्सिग नावाच्या अमेरिकन माणसाने मोटारसायकलीच्या देखभालीवरून जाडजूड तत्त्वज्ञान लिहिलं, १९७४ साली. त्यात एका न निघणाऱ्या स्क्रूवर पानंच्या पानं आहेत, त्यामुळे दुखणं फक्त श्रीरामपूरचं नाही. पण त्याला सल्लागार नव्हते. इथे मी गाडीपाशी उकिडवा बसलो की गल्ली थांबते. परवा तर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारून सांगितलं, "काका, चोक द्या." मी तेव्हा चेन बसवत होतो.

चेनचंही सांगून टाकतो. चेन लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन जाते त्या दिशेला हवी. मी उलटी लावली. या वेळी मिस्तरीने काहीच विचारलं नाही. पक्कड घेतली, क्लिप फिरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "नगरचा पाहुणा अजून गेला नाही वाटतं."

येत्या रविवारी भंडारदऱ्याला निघायचं आहे: बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर. तिथलं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि अजून पाणी धरून आहे. आमच्या बोल्टला दोन-अडीच लिटर ऑइल धरून ठेवायचं आहे. बसवलेल्या वेटोळ्यावर माझा विश्वास आहे, फक्त निघण्याआधी एकदा खोलून बघायचं म्हणतो. तसंच परवा सगळं जोडून झाल्यावर एक नट हातात उरला आहे. तो कुठला ते कळेपर्यंत मी तो शर्टाच्या खिशात जपून ठेवला आहे.

अडचण एवढीच, की माझा दहा-अकराचा पाना सापडत नाही. गल्लीत ज्या कोणी नेला असेल त्याने शनिवारी संध्याकाळच्या आत आणून द्यावा. मिस्तरीकडे देऊ नये.