दाराचं काम चालू आहे

लग्नाच्या पंगतीत मामांनी ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारलं की इंजिनियर भाचा ‘प्रोजेक्ट चालू आहे’ म्हणतो, सीए भाची ‘ऑडिट चालू आहे’ म्हणते आणि विषय जिलबीकडे वळतो. गेमवाल्याची मात्र पंचाईत होते, कारण तो खरं बोलतो.

“दाराचं काम चालू आहे,” तो सांगतो.

मामांना वाटतं, पोराला फ्लॅटचं पझेशन मिळालं. “सागवानी की फ्लश डोअर?”

“दिसतं सागवानी. आतून पोकळ आहे.”

“फसवलं की रे तुला बिल्डरने!”

व्हिडिओ गेममधलं एक दार करायला चार माणसं आणि तीन आठवडे लागतात, हे पंगतीत समजावून सांगणं अवघड आहे. वाढपी तेवढा वेळ देत नाही. पण आपल्याला घाई नाही, म्हणून सांगतो. एक जण दाराचं चित्र करतो, दुसरा ते हलवतो, तिसरा त्याला आवाज देतो आणि चौथा, म्हणजे आपला गेमवाला, त्याला अक्कल देतो. दार आत उघडायचं की बाहेर? बाहेर उघडलं आणि खेळाडू नेमका तिथेच उभा असला तर तो ढकलला जाईल, का दार त्याच्या पोटातून आरपार जाईल? मागे लागलेल्या राक्षसाला दार उघडता येतं का? येत नसेल तर खेळाडू दार लावून घेतो, खिडकीतून निवांत बाण मारतो आणि गेम संपवून टाकतो. येत असेल तर दोन राक्षस एकदम आत शिरायला बघतात आणि सकाळच्या लोकलसारखे चौकटीत अडकून बसतात. शिवाय दोन खेळाडू असले, एकाने दार उघडलं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने लावलं, तर खरं कुणाचं? लिझ इंग्लंड नावाच्या गेम डिझायनरबाईंनी २०१४ साली ‘द डोअर प्रॉब्लेम’ असा एक लेखच लिहिला. गेम डिझायनर नक्की करतो काय, असं लोक विचारतात म्हणून लिहिला. त्यांनाही मामा असणार.

गेमवाला हा प्राणी पुण्यात बाणेर-बालेवाडीकडे आढळतो. वय सत्तावीस ते तेहेतीस. अंगात काळा टी-शर्ट आणि त्यावर अशा गेमचं नाव, जो कधी बाजारात आलाच नाही. गेम रद्द होतो, टी-शर्ट आधीच छापून आलेले असतात. पदवी मेकॅनिकलची, कारण मार्क तेवढेच होते. खरं शिक्षण रात्री एक ते चार, यूट्यूबवर. या जातीत मुलीही आहेत. त्यांना दाराबद्दल कुणी विचारत नाही. ‘तुम्ही कपडे वगैरे डिझाइन करता का त्या बाहुल्यांचे?’ असं विचारतात.

‘मजा आहे बुवा, दिवसभर गेम खेळायचा आणि वर पगार’ हे वाक्य गेमवाल्याने इतक्यांदा ऐकलंय की तो आता नुसता हसतो. वस्तुस्थिती अशी की मिठाईच्या कारखान्यातला माणूस जसा पेढा खात नाही, तसा हा गेम खेळत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये स्वस्तात घेतलेले दीडशे गेम त्याच्या खात्यावर पडून आहेत. स्वतःच्या गेमची पहिली दोन मिनिटं मात्र तो चारशे वेळा खेळलेला असतो. त्यातही जिंकायला नाही. भिंतीला अंग घासत घासत चालायचं, कुठे फट सापडते का बघायचं. सापडली की त्यातून खाली पडायचं, पडता पडता स्क्रीनशॉट काढायचा आणि बगच्या यादीत ओळ टाकायची : ‘पायरीवर उभं राहून नमस्कार केल्यास पुजारी आकाशात जातो. पाच वेळा केलं, तीन वेळा गेला.’ खाली प्रोड्यूसरचा शेरा असतो : ‘मध्यम प्राधान्य.’ पुजारी पुढचे दोन महिने आकाशात जात राहतो.

वेळेच्या बाबतीत हा माणूस अजब आहे. सकाळच्या मीटिंगला तो वीस मिनिटं उशिरा येतो, पण १६.६७ मिलिसेकंदांपुढे त्याचा धीर सुटतो. पावणेसतराच म्हणा. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एकेका चित्राच्या वाट्याला एवढाच वेळ येतो. आपली पापणी लवायला याच्या निदान सहापट वेळ लागतो. तेवढ्यात नदीचं पाणी, राक्षसाची बुद्धी, पडणारा दगड आणि ते दार, सगळ्याचा हिशेब पुरा करायचा. हिशेब अठरावर गेला की चित्र अडखळतं आणि गेमवाला रात्री घरी जात नाही. कुठलं तरी झाड कापतो, कुठली तरी सावली पुसतो, एखाद्या म्हाताऱ्याच्या दाढीचे केस कमी करतो. एवढी काटकसर तर त्याच्या आजीनेही केली नव्हती.

उलट खेळणाऱ्याच्या बाबतीत तो कमालीचा उदार. कड्याच्या टोकावरून उडी मारायला तुम्हाला किंचित उशीर झाला आणि पाय अधांतरी गेला, तरी काही क्षण तो तुमची उडी मान्य करतो. धंद्यात याला ‘कॉयोटी टाइम’ म्हणतात. कड्यावरून पुढे गेल्यावरही हवेत धावत राहणाऱ्या कार्टूनमधल्या कॉयोटीवरून हे नाव पडलं. ‘सेलेस्ट’ या २०१८ सालच्या गेममध्ये अशा लपवलेल्या सवलती ठासून भरल्यात. खेळणाऱ्याला वाटतं, आपला हात काय बसलाय! गेमवाला त्याला काही सांगत नाही.

दारू पीत असो-नसो, दहा वाजल्यानंतर गेमवाल्याला आख्यान लावायची सवय असते. विषय ठरलेला : अडचणीतून निघालेलं सोनं. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगाने येतात. ती काही आधी ठरवलेली युक्ती नव्हती. बिचाऱ्या यंत्राला कमी शत्रू काढायचे राहिले की ते आपोआप भरभर चाले. गेम करणाऱ्या निशिकादोंना ते आवडलं, त्यांनी तसंच ठेवलं. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओला मिशी मिळाली ती एवढ्याशा ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून, आणि टोपी मिळाली ती केस काढायचा त्रास वाचावा म्हणून. मग येते गांधीजींची गोष्ट : ‘सिव्हिलायझेशन’मध्ये महात्मा गांधी अचानक अणुबाँब टाकायला लागतात, कारण त्यांची आक्रमकता एकावरून दोनने कमी केली की उणे न होता गर्रकन २५५ वर जाते. गेमचे कर्ते खुद्द सिड मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात लिहून टाकलंय की मूळ गेममध्ये असा बग नव्हताच. गेमवाल्याला ते माहीत आहे. तरी तो नातेवाइकांत ही गोष्ट सांगतो, कारण तेवढ्याच गोष्टीला लोक फोनमधून मान वर काढतात.

प्रोड्यूसरची आख्यानं वेगळी असतात. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ हा गेम १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये आला. चौदा वर्षं. रामाचा वनवास तेवढ्यात आटोपला होता, आणि त्यात लंकाही झाली. दुसरीकडे अटारीचा ‘ई.टी.’ १९८२ साली पाच आठवड्यांत उरकला आणि इतका आपटला की न विकलेल्या कार्ट्रिजांचे ढीग न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरावे लागले. २०१४ मध्ये ते उकरून काढले, तेव्हा कॅमेरे घेऊन लोक जमले होते. या दोन्ही गोष्टींमधलं प्रोड्यूसरच्या लक्षात फक्त ‘पाच आठवडे’ एवढंच राहिलेलं असतं. मग तसल्याच घाईत गणपतीत बिल्ड, म्हणजे गेमची चालती प्रत, मोडते आणि विसर्जनाची मिरवणूक गेमवाला ऑफिसच्या काचेतून ऐकतो.

पुण्याला या धंद्याची ओळख नवी नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करायचं काम पुणे-मुंबईकडे आलं, २०२० च्या सप्टेंबरात ट्रेलर आला, जगाने नाकं मुरडली आणि २०२२ च्या मेमध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. बाणेरच्या चहाच्या टपरीवर हा विषय अजूनही हलक्या आवाजात निघतो. त्याच २०२० साली पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. धाकट्या भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची गोष्ट. लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता. संस्थापकांपैकी एकाने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवलं, आणि गेम थेट द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या नामांकनांत जाऊन बसला. फ्लॅट विकणं म्हणजे काय, हे परीक्षकांना कळलं असतं तर बक्षीसही देऊन टाकलं असतं.

लग्नाच्या बाजारात आणखी गोंधळ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदीचा कायदा केला, आणि त्या आठवड्यात गेमवाल्याच्या आईला तीन फोन आले. ‘आता कसं हो करणार तुमचा मुलगा?’ दार आणि रमी यांतला फरक तिने तिघींना सांगितला. चौथ्या वेळी तिने बायोडेटाच बदलला. आता त्यावर ‘सॉफ्टवेअर इंजिनियर’ आहे. काकूंचं दुखणं वेगळं. नवी मुंबईच्या गेमेशनने २०१६ मध्ये आणलेलं ‘लुडो किंग’ त्यांच्या फोनमध्ये असतं. “तुझ्या ओळखीचे असतील ना रे ते? मला सहा पडतच नाही. जरा बघ की.” या एकाच बाबतीत घराण्यात त्याच्या शब्दाला वजन आहे, आणि नेमकं तेच त्याच्या हातात नाही.

शेवटी एकदाचा गेम येतो. दिवाळीत भाचा तो टीव्हीला लावतो. दार येतं. भाचा पळत येऊन दाराकडे न बघता ई दाबतो, दार उघडतं, भाचा आत जातो. सगळं मिळून सव्वा सेकंद. गेमवाल्याचा श्वास सुटतो. दार जमलंय याची खूण म्हणजे ते कुणाच्या लक्षात न येणं.

गेम संपला की नावं येतात. एके काळी अटारी प्रोग्रॅमरांची नावंच देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’मध्ये एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं होतं. आता नावं इतकी असतात की भाचा ती स्किप करायला बघतो. आई त्याच्या हातावर चापट मारते आणि चष्मा लावून बसते. नावं वर सरकत राहतात : शांघाय, बुखारेस्ट, मॉन्ट्रियल. दहा मिनिटं होतात. चहा निवतो. पुणे यायला लागतं तेवढ्यात बेल वाजते.

“दार बघ रे,” आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणते.

कुरियरवाला असतो. त्याला ओटीपी हवा असतो, तो यायला वेळ लागतो. गेमवाला परत येतो तेव्हा पडदा काळा झालेला असतो.

“तुझं काही दिसलं नाही बाई,” आई चष्मा पुसत म्हणते. “पण केवढी माणसं रे! एवढी सगळी दारच करत होती?”

दाराची चौघंच होती.