प्लॅनवाले गृहस्थ

प्लॅनवाले गृहस्थ प्रामुख्याने तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांच्या कडेला आढळतात. दोन-तीन गुंठ्यांचा एन. ए. प्लॉट, निवृत्तीला उरलेली चार-सहा वर्षे आणि प्रॉव्हिडंट फंडाचा ताजा हिशेब या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्यांची उत्पत्ती होते. शिक्षक, बँकेतले लेखापाल आणि पोस्टातले कर्मचारी यांच्यात प्रमाण जास्त. सिव्हिल इंजिनिअर मात्र सहसा यात सापडत नाहीत. घर बांधताना काय काय होते हे त्यांनी पाहिलेले असते.

साधने साधी असतात. आलेखाची वही, बोटभर उरलेली पेन्सिल, मुलाच्या जुन्या कंपासातली पट्टी आणि शर्टाच्या खिशात पाच मीटरची टेप. या टेपमुळे त्यांना चहाला बोलावणे अवघड होऊन बसते. यजमान आत वळले की हे हॉलची रुंदी घेतात, चौकट मोजतात आणि संडासात गेले तर बराच वेळ बाहेर येत नाहीत. तेराव्याच्या जेवणाला गेले तरी परत येताना त्या घराच्या जिन्याचे माप सोबत आणतात.

वहीतली एक चौकट म्हणजे एक फूट, हे प्रमाण बहुतेकांनी पक्के केलेले असते. या प्रमाणात भिंतीला जागा नसते, कारण पेन्सिलीच्या रेघेला जाडी नसते. ३० फुटांच्या रुंदीत १० फुटांच्या तीन खोल्या शेजारीशेजारी बसल्या की गृहस्थ वही मिटून समाधानाने झोपतात. प्रत्यक्षात बाहेरच्या दोन भिंती ९ इंची आणि मधल्या दोन साडेचार इंची धरल्या तरी सव्वादोन फूट विटांतच जातात, प्लास्टर वेगळे. हे सव्वादोन फूट कुणाच्या खोलीतून कापायचे, या प्रश्नावर घरातली दोन माणसे आठवडाभर एकमेकांशी मुलांमार्फत बोलतात.

जिन्याचे प्रकरण याहून अवघड. प्लॅनवाले जिना सर्वांत शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात, सहा आडव्या रेघा मारून काढतात. एका मजल्याची उंची १० फूट धरली तर सहा पायऱ्यांच्या या जिन्यात प्रत्येक पायरी २० इंचांची होते, म्हणजे वर जाण्याचा मान फक्त माकडांना मिळतो. माणसाला चढायला पायरी सहा-सात इंच उंच आणि दहा इंच रुंद लागते. त्या हिशेबाने सतरा उंच्या भरतात आणि मधे वळण घेणारा जिना साडेसहा फूट बाय दहा फूट जागा मागतो. ही जवळजवळ एक खोलीच झाली. ती देण्यापेक्षा जिना बाहेरून काढण्याचे ठरते. महाराष्ट्रातल्या अनेक बंगल्यांचे जिने बाहेर का, याला पुढे भाडेकरू ठेवता येईल हे कारण सांगितले जाते. कोपरा पुरला नाही हे खरे कारण कुणी सांगत नाही.

खोल्यांची वाटणी हा या गृहस्थांचा आवडता भाग. जुन्या वाड्यात ओसरी, माजघर, कोठीघर, न्हाणीघर अशी नावे कामावरून पडलेली असत. माजघरात दुपारी निवडणे-टिपणे चाले आणि रात्री तिथेच अंथरुणे पडत. एकाच खोलीला पाच कामे. प्लॅनवाल्यांच्या वहीत मात्र खोल्यांवर माणसांची नावे असतात. वायव्येची खोली पुण्यातल्या मुलाची, तो दिवाळीत चार दिवस येतो. तिच्या शेजारची मुलीची, माहेरपणासाठी. मागची पाहुण्यांची. हॉल २० बाय १४, कारण गौरी-गणपतीला चाळीस माणसांची पंगत बसली पाहिजे. वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस या घरात दोनच माणसे राहणार आहेत, ही गोष्ट वहीत कुठेही नोंदलेली नसते. येणाऱ्यांसाठी घर आखताना राहणाऱ्यांना पॅसेजमध्ये ढकलणे, हे या जातीचे मुख्य लक्षण मानावे लागेल.

यानंतर वास्तुशास्त्र येते. ते बहुधा साडूमार्फत येते. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैऋत्येला घरधन्याची झोपण्याची खोली आणि मध्यभागी ब्रह्मस्थान मोकळे, एवढे सर्वांना पाठ असते. ‘मयमत’, ‘मानसार’ किंवा भोजराजाच्या नावावरचा ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथांत नगरे, राजवाडे आणि देवळे यांची तपशीलवार चर्चा आहे. गॅस सिलिंडर, सेप्टिक टँक आणि इन्व्हर्टर कुठे ठेवावा याबाबत ते ग्रंथ मौन पाळतात. मौनाची ही पोकळी साडू भरून काढतात. ८१ पदांच्या वास्तुमंडलात वास्तुपुरुषाचे मस्तक ईशान्येला येते. दोन गुंठ्यांच्या प्लॉटमध्ये नेमके तिथेच नगरपालिकेचे गटार येते. रस्ता दक्षिणेला असेल तर गृहस्थ काही काळ प्लॉट विकण्याच्या गोष्टी करतात, मग मुख्य दार बाजूने घेतात, आणि पुढे आयुष्यभर प्रत्येक पाहुण्याला घराला वळसा घालून आत यावे लागते.

ब्रह्मस्थान मोकळे ठेवल्यामुळे स्वयंपाकघराच्या वाट्याला येते ते आग्नेयेला उरलेले तिरपे काहीतरी. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे स्वयंपाकघर निदान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद असावे. तेवढे ते भरतेच, पण जेमतेम. घरात सर्वांत जास्त तास जिथे उभे राहायचे त्या जागेचे माप शेवटी आणि तिथे उभे न राहणाऱ्याने ठरवावे, हा प्रकार फक्त प्लॅनवाल्यांपुरता नाही, हे मान्य करायला हवे. पण प्लॅनवाले तो फार तन्मयतेने पार पाडतात. अंतिम नकाशा दाखवल्यावर बाईसाहेब चष्मा लावून दोन मिनिटे पाहतात आणि विचारतात, “अहो, फ्रिज कुठे?” फ्रिज नसतो. मग त्या विचारतात, “गव्हाची कोठी?” तीही नसते. “बरं, पावसात कपडे कुठे वाळत घालायचे?” यावर ‘ते नंतर बघू’ असे उत्तर मिळते आणि नकाशा पूर्ण झाल्याचे जाहीर होते.

परवानगीसाठी नकाशा आर्किटेक्टच्या किंवा परवानाधारक इंजिनिअरच्या सहीने द्यावा लागतो, म्हणून आर्किटेक्टकडे जाणे होते. आर्किटेक्ट १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी झालेला, बहुधा मुलाच्या वयाचा. प्लॅनवाले वही पुढे करतात: “सगळं तयार आहे, तुम्ही फक्त सही करायची.” तो मुलगा नम्रपणे वही उघडतो, सामासिक अंतराच्या रेषा आखतो, आणि मुलीची निम्मी खोली शेजारच्या हद्दीजवळच्या मोकळ्या जागेत गेल्याचे दाखवतो. २०२० साली राज्यातल्या बऱ्याचशा भागांसाठी एकच बांधकाम नियमावली आली. तीही मुलीच्या खोलीच्या बाजूने नसते. तीन आठवड्यांनी आर्किटेक्टचा नकाशा येतो. त्यात फ्रिज असतो, कोठी असते, दारे एकमेकांवर आपटत नाहीत. प्लॅनवाले तो दोन दिवस बारकाईने पाहतात आणि म्हणतात, “आमचाच आहे. थोडं इकडचं तिकडे केलंय.”

लाइनआउटचा दिवस वाईट जातो. फक्कीने जमिनीवर खोल्या आखल्या की मोकळ्या आभाळाखाली प्रत्येक खोली एकदम आकसते. वीस फुटांचा हॉल पाहून “एवढाच?” असे म्हणणारा एकजण प्रत्येक लाइनआउटला हजर असतोच. गृहस्थ टेप काढतात, माप बरोबर भरते, समाधान होत नाही. भिंती उभ्या राहिल्यावर खोल्या आणखी लहान वाटतात आणि गिलावा-रंग झाल्यावर परत मोठ्या. मुकादमाला हे ठाऊक असते. तो तंबाखू मळत गप्प बसतो. मधल्या काळात गृहस्थ एक खिडकी हलवतात. लिंटेल झालेले असताना हलवलेल्या खिडकीचा खर्च वेगळा लागतो, आणि तो कुठल्याही वहीत सापडत नाही.

घर पुरे झाल्यावर त्याचा वापर ठरलेल्या वळणाने जातो. हॉलमधल्या सोफ्यावरचे प्लॅस्टिक पुढच्या गणपतीपर्यंत तसेच राहते. मुलाच्या खोलीत तांदळाची पोती आणि न वापरलेली व्यायामाची सायकल जाते. दोघे नवरा-बायको स्वयंपाकघराच्या दारातल्या चार फुटांत टेबल टाकून बसतात. चहा, वर्तमानपत्र, औषधांचा डबा, मोबाइलचे चार्जर सगळे तिथे. गृहस्थांनी खुर्ची मागे सरकवली की फ्रिजचे दार उघडते, पुढे घेतली की उघडत नाही. ही गैरसोय आर्किटेक्टच्या खात्यावर मांडली जाते.

वही मात्र बंद होत नाही. तिच्यात वरच्या मजल्याचा नकाशा सुरू होतो, आता मुलीची पूर्ण खोली आणि नातवंडांची अभ्यासिका यांसह. त्याची तयारी म्हणून गच्चीवर कॉलमच्या सळ्या तीन-तीन फूट वर सोडलेल्या असतात. पावसाळ्याआधी बाईसाहेब त्यांतल्या दोन सळ्यांना नायलॉनची दोरी बांधतात, वर पत्र्याचा आडोसा करून घेतात आणि कपड्यांचा प्रश्न निकालात काढतात.