नानांचा अ‍ॅडाप्टर

नाना तुमच्या ओळखीचे आहेत. नाव वेगळं असेल, बिल्डिंग वेगळी असेल, पण दुबई-शारजात चार वर्षं काढलेल्या मराठी माणसाला एक तरी नाना भेटलेला असतोच. खालच्या दुकानात मिळणारी वस्तू खालच्या दुकानातून घ्यायची नाही, हे त्यांचं व्रत. आमच्या नानांची इस्त्री अमेरिकेची, टोस्टर अमेरिकेचा, दाढीचं मशीन अमेरिकेचं आणि यातल्या प्रत्येकाच्या शेपटीला एकेक अ‍ॅडाप्टर. इतरांच्या घरात चमचे असतात तसे नानांच्या खणाखणात अ‍ॅडाप्टर आहेत. चहाला गेलात तर साखर मागून मिळेल. अ‍ॅडाप्टर न मागता.

"इकडचा माल वाईट नाही हो," नाना म्हणतात, "पण तो सगळ्यांकडे असतो."

2024 च्या जानेवारीत त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. लिफ्टमध्ये गाठलं की माणूस पळू शकत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे.

"लेखक, ट्रक घेतला."

निवृत्ती जवळ आलेली, तेव्हा जोडधंद्याची सोय असेल असं वाटून मी विचारलं, "कसला माल भरणार?"

"माल? अहो, फिरायला!"

मग तेराव्या मजल्यापर्यंत मी ऐकत राहिलो. फोर्ड एफ-150 लाइटनिंग. विजेवर चालणारा पिकअप. 131 किलोवॅट-तासांची बॅटरी, एका चार्जमध्ये पाचशे किलोमीटर, इंजिनाच्या जागी 400 लिटरची डिकी आणि अंगावर एकूण अकरा प्लग पॉइंट. हे नानांनी अथर्वशीर्षाच्या चालीवर म्हटलं. इथल्या शोरूममध्ये तो नाही, म्हणूनच घेतला. अमेरिकेतून, एकाच मालकाने वापरलेला, डायरेक्ट.

गाडी आणायची म्हणजे काय काय करावं लागतं, हे पुढचे महिने आख्ख्या बिल्डिंगला पाठ झालं. अमेरिकेतून गाडी बाहेर काढायची तर तिचं टायटल तिथल्या कस्टम्सला 72 तास आधी दाखवायचं. इकडे उतरली की गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर पाच टक्के ड्यूटी. ड्यूटी धरून होणाऱ्या रकमेवर पाच टक्के व्हॅट. मग कस्टम्सचा सुटकेचा दाखला, म्हणजे वीसीसी, मग पासिंग, मग नोंदणीचं कार्ड, म्हणजे मुल्किया. नाना एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत परचेस बघतात. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पंप, व्हॉल्व्ह आणि केबल मागवल्या. स्वतःसाठी कागद रंगवायची ही पहिलीच वेळ. पारदर्शक प्लास्टिकची एक फाईल ते काखेत घेऊन फिरत. गणपतीच्या मीटिंगलाही ती आली होती.

ट्रक बाल्टिमोरच्या धक्क्यावर पोचला. मोटारींच्या चढउतारीचं अमेरिकेतलं तेव्हाचं सगळ्यात मोठं बंदर ते, आणि नानांनी ते मुद्दाम निवडलेलं. 26 मार्चला मध्यरात्र उलटून गेल्यावर 'डाली' नावाचं मालवाहू जहाज तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल काही सेकंदांत पाण्यात गेला. बंदराचं तोंड बंद. नानांचा ट्रक आत.

आम्ही थट्टेच्या तयारीनेच वर गेलो. नाना टीव्हीसमोर बसले होते. पुलावर रात्रपाळीला खड्डे बुजवणारे सहा मजूर बुडाले होते, सगळे मेक्सिको, ग्वाटेमाला असल्या देशांतून पोटासाठी आलेले. जहाजावरचे खलाशी बहुतेक भारतीय. "सगळी बाहेरगावची माणसं," एवढंच नाना म्हणाले. त्या दिवशी ट्रकचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आम्हीही.

दुसऱ्या दिवशी काढला.

तीन आठवड्यांनी, 16 एप्रिलला, इथे तो पाऊस पडला. पंचाहत्तर वर्षांच्या नोंदींत झाला नव्हता असा. आमच्या बेसमेंटमध्ये गाड्यांच्या टपापर्यंत पाणी, नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, बिचारा गुडघाभर पाण्यात उभा राहून लोकांना वरूनच परत पाठवत होता. माझी गाडी गेली, शेजाऱ्यांच्या दोन गेल्या. नाना बाल्कनीत उभं राहून शांतपणे म्हणाले, "बघा. माझी आली असती तर?" नियोजन त्यांचंच असल्यासारखा चेहरा. लोकांचा संताप आवरायला वहिनींनी तातडीने उपमा केला.

जूनमध्ये बाल्टिमोरचा मार्ग पूर्ण मोकळा झाला. पण तांबड्या समुद्रातून जायची सोय नव्हती. आदल्या नोव्हेंबरात हुथींनी तिथे एक जहाज पळवलं होतं आणि ते 'गॅलेक्सी लीडर' नेमकं मोटारी वाहणारंच. तेव्हा ट्रक निघाला तो आफ्रिकेला वळसा घालून, वास्को द गामाच्या वाटेने. नाना रोज रात्री मोबाईलवर जहाजाचा ठिपका बघत आणि सकाळी लिफ्टमध्ये त्याचा ठावठिकाणा सांगत. "आज मादागास्करच्या बाजूला आहे," हे वाक्य ऐकून आमच्याकडे नव्याने राहायला आलेली एक मुलगी चौथ्या मजल्यावरच उतरली आणि उरलेले मजले चढून गेली.

ऑगस्टच्या उन्हात तो जेबेल अलीला उतरला. खरं सांगायचं तर देखणा होता. पण लांबी सहा मीटरला जेमतेम कमी आणि आमच्या बेसमेंटच्या चौकटी जपानी सेडानच्या मापाच्या. ट्रकचं ढुंगण कायम रस्त्यात. नातूर रोज दोरीने एक लाल चिंधी बांधून ठेवी.

आणि मग सुरू झाले अ‍ॅडाप्टर.

चार्जरचं तोंड अमेरिकेत वेगळं, इकडे वेगळं. इथे युरोपी पद्धतीचं टाइप टू. नानांच्या ट्रकला टाइप वन. त्यात इथला सार्वजनिक चार्जर तीन फेजचा आणि अमेरिकन गाडी एकच फेज पिणारी, म्हणजे 22 किलोवॅटच्या खांबातून पोटात जाणार सात. 131 ला सातने भागा. शून्यापासून भरायला अठरा-एकोणीस तास. नाना-वहिनी गुरुवारी संध्याकाळी पलीकडच्या दुबईतल्या मॉलमध्ये ट्रक लावत आणि शुक्रवारी दुपारी घरी येत. मधल्या काळात वहिनींच्या ओळखी एवढ्या वाढल्या की तिथल्या साड्यांच्या दुकानातल्या मुलीचं लग्न त्यांनीच जमवलं.

पुढे जलद चार्जरचा अ‍ॅडाप्टर आला. काळा, मनगट दुखेल एवढा जड, एका बाजूला भोकं, दुसऱ्या बाजूला खुंट्या, कडेला एक बारीक हिरवा दिवा. नाना तो जुन्या पंच्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवतात आणि त्याला सीटबेल्ट लावतात. नातवंडांनी बसायचं असेल तर पलीकडे. तोही डायरेक्ट अमेरिकेचा, असं नाना सांगतात. वहिनींनी मला बिल दाखवलं आहे. दुबईतल्या चिनी बाजाराचं, ड्रॅगन मार्टचं.

रेडिओचा मामला त्याहून नाजूक. अमेरिकेत एफएम स्टेशनांचे आकडे दशांशाला विषम असतात, आणि आपलं हिंदी गाण्यांचं स्टेशन इथे 101.6 वर. नानांचा रेडिओ 101.5 वर थांबतो, नाहीतर 101.7 वर. मधे थांबणं त्याच्या स्वभावात नाही. त्यामुळे त्या ट्रकमध्ये किशोरकुमार ऐकला की तो शेजारच्या फ्लॅटमध्ये गातोय असं वाटतं. रेडिओला अ‍ॅडाप्टर मिळत नाही याचं नानांना मनस्वी दुःख आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये. सेटिंग बदलता येतं, पण नाना बदलू देत नाहीत. "बाहेर 118 आहे," असं ते बसल्याबसल्या जाहीर करतात आणि भारतातून आलेला पाहुणा दाराचं हँडल घट्ट धरतो.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगतो, कारण नानांनी ते थोडक्यात कधीच सांगितलं नाही. इथे गाडी जीसीसी स्पेक आहे का, हे आधी विचारतात. म्हणजे इथल्या उन्हाचा हिशेब करून बनवलेली, इथल्या कंपनीच्या मार्फत आलेली. नसेल तर वॉरंटी सहसा लागू होत नाही, विकायला काढली की भाव पडतो आणि विमावाल्याचा आवाज बदलतो. नानांना अखेर थर्ड पार्टी मिळाला. म्हणजे ट्रकने कुणाला ठोकलं तर त्याची भरपाई, त्यात ट्रकचं काही झालं तर नानांची पुण्याई.

पण या सगळ्यावर कळस झाला अल कुद्राच्या वाळवंटात, डिसेंबरातल्या पिकनिकला. अकरा प्लग पॉइंट वापरायचेच, या निश्चयाने नानांनी बटाटेवड्यांचा बेत जाहीर केला. इंडक्शन, लाइट, स्पीकर आणि चटणीसाठी वहिनींचा चिपळूणहून आणलेला मिक्सर. मिक्सरची पिन भारतातली, गोल तीन खुंट्यांची. तिच्यावर चौकोनी पिनेचा अ‍ॅडाप्टर. त्याच्यावर चपट्या पिनेचा अ‍ॅडाप्टर. तो मनोरा ट्रकच्या पॉइंटमध्ये बसेना, वाकून खाली यायला लागला, म्हणून नानांनी त्याला रबरबँडने बांधलं. बटण दाबलं. मिक्सर 230 व्होल्टचा, पॉइंट 120 चा. मिक्सरने एक दीर्घ उसासा टाकला आणि पातं असं सावकाश फिरलं की मिरच्या मोजून घेता आल्या असत्या.

"व्होल्टेज वाढवायचा ट्रान्सफॉर्मर आहे," नाना म्हणाले.

"कुठे?"

"घरी. खणात."

वहिनी उठल्या. पुढची डिकी उघडली, बर्फातल्या सुरमईच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि खालून लोखंडी खलबत्ता काढला. तो त्यांनी न सांगता आणला होता, म्हणजे त्यांना किती वर्षांचा अनुभव असेल बघा. चटणी कुटता कुटता म्हणाल्या, "याला काही जोडावं लागत नाही." नाना मुकाट्याने सूर्यास्त बघायला गेले.

अमेरिकेचं हे वेड कुठून आलं, तेही वहिनींनीच सांगितलं. नव्वदच्या दशकात नानांचे तिन्ही मित्र तिकडे गेले. नानांचा व्हिसा नाकारला गेला; पुन्हा अर्ज केला, पुन्हा नाकारला. कपाटात त्या वेळी शिवलेला सूट अजून आहे, एकदाही न घातलेला. मग शारजा. अमेरिकेने नानांना येऊ दिलं नाही, तेव्हा नानांनी इस्त्रीपासून सुरुवात करून अमेरिका हप्त्याहप्त्याने इकडे मागवून घेतली. हे कळल्यावर टोस्टरच्या थट्टेला पूर्वीची मजा राहिली नाही. नानांनी आमची ही करमणूकही काढून घेतली, हा त्यांच्यावरचा माझा आरोप आहे.

आणि फिरायला घेतलेल्या त्या ट्रकने फिरण्यापेक्षा माल जास्त वाहिला. गल्फमधली बिल्डिंग म्हणजे सतत कुणीतरी निघालेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांची नोकरी गेली. व्हिसा संपायच्या आत घर गुंडाळायचं होतं. त्यांची खोकी दुबईतल्या देऱ्याच्या कार्गोवाल्याकडे नानांनी पोचवली. मग सातव्या मजल्यावरचं केरळी कुटुंब. मग आमचा नातूर, जो वीस वर्षांनी पेशावरकडे परत गेला. त्याला विमानतळावर सोडताना नानांनी पंच्यातला अ‍ॅडाप्टर काढून त्याचं गाठोडं मागच्या सीटवर ठेवलं आणि त्यालाच पट्टा लावला. भाडं कुणाकडून घेतलं नाही. उलट प्रत्येकाला निघताना एकेक अ‍ॅडाप्टर दिला. "तिकडे लागेल," म्हणत. कुलकर्णी पुण्याला गेले आहेत. त्यांना तिकडे कशाला लागेल, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

आता पाळी नानांची. इथे तीस वर्षं राहिलात तरी बहुतेकांचा व्हिसा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. कंपनीने पत्र दिलं, चिपळूणचं घर रंगवून झालं. ट्रक न्यायचा म्हणून नानांनी पुन्हा ती पारदर्शक फाईल काढली आणि आठ दिवसांत मिटली. भारतात आणायच्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे लागतं. ट्रकचं डावीकडे. जगातल्या कुठल्याही खणात याचा अ‍ॅडाप्टर नाही. त्यातच डिसेंबर 2025 मध्ये फोर्डने हा ट्रक बनवणंच थांबवल्याची बातमी आली. आम्ही सांत्वनाला गेलो तर नाना खुशीत. "म्हणजे आता तो कुणालाच मिळणार नाही," म्हणाले.

तर ट्रक विकायचा आहे. मुल्किया चालू, बॅटरी ठणठणीत, अपघात नाही. बेसमेंटच्या खांबाला घासला आहे तेवढं डाव्या बाजूला दिसेल. अ‍ॅडाप्टर सगळे सोबत मिळतील, नको म्हटलंत तरी. घ्यायचा असेल तर अवश्य या, हवी तेवढी घासाघीस करा. फक्त "याच पैशात शोरूमची नवी कोरी गाडी आली असती" हे वाक्य तेवढं नानांसमोर बोलू नका. ते आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचं बोलून झालं आहे.