आज लोकमान्य असते तर...

सदाशिव पेठेत त्यांना सगळे 'असतेतर' म्हणतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे. पण त्या पाटीवर इतक्या सूचना आहेत, की वाचणारा आडनावाच्या आधीच माघारी वळतो.

असतेतरांचं स्वतःचं असं मत नसतं. जे असतं ते कुणातरी दिवंगताचं असतं. गणपतीत मंडपापुढे भिंतीएवढे स्पीकर लागले की कानांवर हात ठेवून ते ओरडतात, "आज लोकमान्य असते तर म्हणाले असते, मंडालेच बरं! तिथे निदान 'गीतारहस्य' लिहून झालं. इथे पोस्टकार्ड लिहवत नाही!" कर्वे रस्त्यावर रिक्षा अडकली, की अण्णा कर्वे येतात. "हिंगण्याहून फर्ग्युसनला चालत जायचे. आज असते तरी चालतच गेले असते आणि आपल्या आधी पोचले असते!" या बाबतीत मात्र त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

नाटकाला गेले, की बालगंधर्व. "1911 साली पोटची मुलगी गेली त्या दिवशीही ज्यांनी 'मानापमान'चा पहिला प्रयोग रद्द केला नाही, त्यांनी या मोबाइलपुढे पडदा पाडला असता!" हे ते फोनवर कुणालातरी सांगत असतात. नाटक चालू असतं.

पण असतेतर खरे खुलतात ते सोसायटीच्या सभेत. आगरकरांनी 1887 साली मतभेदांमुळे 'केसरी' सोडला. त्यानंतर त्यांचं आणि टिळकांचं फारसं कशावर जमलं नाही. असतेतरांच्या पार्किंगच्या जागेबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. रानडे आणि गोखले त्यांच्या गॅलरीतल्या वाढीव बांधकामाच्या बाजूने आहेत. गेल्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "काका, आठ महिन्यांचा मेंटेनन्स राहिलाय." असतेतर शांतपणे उठले. "तुकोबांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. तुम्हाला एक पावती बुडवता येत नाही?"

सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला.

एकदाच त्यांना जरा अडलेलं पाहिलं. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहाचे दर वाढले होते. असतेतरांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि सुरू केलं, "आज न्यायमूर्ती रानडे असते तर..."

"तर चहाला हातच लावला नसता," शेजारचा कॉलेजातला पोरगा म्हणाला. "1890 मध्ये पंच हौद मिशनमध्ये प्यायले होते ना? टिळकही होते. पेपरात नावं छापून आली, ग्रामण्य झालं, प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आणि काका, ते घ्यायला लावणारेसुद्धा आपल्या पुण्यातलेच."

असतेतरांनी चहा बशीतून परत कपात ओतला. असं करताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो. मग म्हणाले, "तो काळच वेगळा होता."

वेगळा होता खरा. त्या काळी ही माणसं जिवंत होती, आणि जिवंत माणसाचं पुण्यात जरा कठीणच. 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाईंना शिकवायला जाताना शेणगोळे झेलावे लागले. आगरकरांना तर स्वतःच्या प्रतिमेची प्रेतयात्रा हयातीतच पाहायला मिळाली. शेण फेकणाऱ्यांनी आणि खांदा देणाऱ्यांनीही तेव्हा कुणाचा तरी दाखला दिलाच असणार. 'पेशवे असते तर' म्हणाले असतील.

म्हणून माझी खात्री आहे, की उद्या टिळक खरोखरच आले आणि पार्किंगच्या वादात सेक्रेटरींची बाजू घेऊन बसले, तर असतेतर त्यांना तिथल्या तिथे ऐकवतील, "आज लोकमान्य असते तर असं बोलले नसते!" आणि घरी जाऊन वर्तमानपत्राला पत्र लिहितील.

तेव्हा वाचकहो, पुण्यात आपल्या म्हणण्याला पाठिंबा हवा असेल तर दिवंगतांकडेच मागा. जिवंत पुणेकरांनी तो एकमताने दिल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.